अबू हलीफातला सर्वर

माझ्या धाकट्याच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो मी एका फुकटच्या वेबसाइटवर ठेवले होते, आणि एका सकाळी ती वेबसाइटच नव्हती. कंपनीने आधी मेल पाठवला होता म्हणे, पण तो जाहिरातींच्या ढिगात गेला असणार. पहिलं पाऊल गेलं, पहिला दात गेला. साताऱ्याला सासूबाईंनी केलेलं बोरन्हाण, त्यात डोक्यावर बोरं पडल्यावर हा भोकाड पसरतो तो फोटोही गेला. नवरा म्हणाला, "जाऊ दे, पोरगं तर आहे ना समोर." तो अहमदीला रिफायनरीत कंत्राटावर होता. त्याचं तत्त्वज्ञान नेहमीच असं थोडक्यात असायचं. मी मात्र आठवडाभर धुमसत होते.

मी तेव्हा कुवेतच्या एका सरकारी हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होते. आमच्या लॅबमधल्या यंत्रांचं नेटवर्क बघायला एक तमिळ इंजिनिअर यायचा. त्याला मी ही हकिकत सांगितली, तेव्हा तो त्याच्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, दूसरे के घर में सामान रखेगा, तो चाबी उसी के पास रहेगा." पुढच्या खेपेला त्याने मला लिनक्सची एक सीडी आणून दिली. हे सगळं फुकट आहे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं आहे, आतलं सगळं उघडं आहे, कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, आपल्या घरी चालवावं, असं त्याने सांगितलं. आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरवर फोटो ठेवायचे आणि ते जगात कुठूनही उघडायचे, हे त्यावर जमतं.

मला ते जमायला बरेच दिवस लागले. मी रक्ताच्या नमुन्यांची बाई, कमांड टाइप करण्याची सवय नव्हती. रोज काहीतरी अडायचं. मग इंटरनेटवर प्रश्न टाकायचा, आणि कधीही न पाहिलेला कुणी परदेशी माणूस दुसऱ्या दिवशी नीट समजावून उत्तर द्यायचा. त्या अनोळखी लोकांचं मला फार अप्रूप वाटे. शेवटी घरातला जुना कॉम्प्युटर, हवल्लीच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेल्या दोन हार्ड डिस्क आणि इंटरनेटचा राउटर, एवढ्यावर माझा सर्वर उभा राहिला. दोन डिस्क अशासाठी, की एकीवर जे जाईल ते दुसरीवरही आपोआप जावं. मुलांच्या खोलीत, कपाटाच्या बाजूला त्याची जागा होती. थोरली कुरकुरायची, "मम्मी, इट्स सो नॉइझी!" पण तिच्या वाढदिवसाचे फोटो आजीने साताऱ्यातल्या सायबर कॅफेत बसून बघितल्याचं कळल्यावर तिची कुरकुर थांबली.

अबू हलीफातल्या आमच्या बिल्डिंगीत आणि आजूबाजूला मराठी माणसं बरीच. हळूहळू त्यांनाही मी एकेक कप्पा करून दिला, प्रत्येकाला त्याचं नाव आणि पासवर्ड. फिंतासला एका फ्लॅटमध्ये कोकणातली काही माणसं एकत्र राहत होती, सुतार, वेल्डर, एसीवाले. त्यातल्या एका वेल्डरचं गुहागरकडे घर बांधून होत होतं. त्याचा भाऊ तालुक्याला जाऊन फोटो चढवायचा, आणि हा शुक्रवारी माझ्याकडे येऊन चहा पीत पीत आपल्या घराच्या भिंती वर येताना बघायचा. एकदा खिडकी चुकीच्या बाजूला ठेवलेली त्याने फोटोत पकडली आणि तिथूनच फोन लावला.

आमच्या हॉस्पिटलातल्या एका सिस्टर त्या वेळी आमच्याच बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर, दुसऱ्या दोन नर्सेसबरोबर राहत होत्या. कुडाळकडच्या. पन्नाशीला आलेल्या, अंगाने बारीक, चालणं भरभर. वॉर्डात अरबी बायकांशी अरबीत, मल्याळी पोरींशी हिंदीत आणि रागावल्या की मालवणीत. मी त्यांना ताई म्हणायचे. त्यांचे यजमान हॉस्पिटलच्या एसी प्लँटवर होते, काही वर्षांपूर्वी कामावरच हार्ट अटॅकने गेले. एकुलती मुलगी पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होती, होस्टेलवर. ताईंनी फोन लावला की ती "हो", "बरी आहे", "जेवले" एवढंच बोलायची. फोन ठेवल्यावर ताई काही वेळ स्वयंपाकघरात उगीच भांडी हलवत, असं त्यांच्याबरोबर राहणारी नर्स मला सांगायची.

एका शुक्रवारी ताई माझ्याकडे एक बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आल्या. आत कॅसेट होत्या.

"ह्या कॉम्प्युटरात घालता येतील का गं?" त्यांनी विचारलं.

मुलीला त्यांनी चार वर्षांची असताना कुडाळला भावाकडे ठेवलं होतं. त्या काळी फोन महाग, घरी फोन नव्हताच. म्हणून सुट्टीवर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांबरोबर कॅसेटी यायच्या-जायच्या. तिकडून मामा-मामी मुलीला बोलायला बसवत, इकडून ताई आणि यजमान आळीपाळीने बोलत. यजमानांची एक खोड होती, प्रत्येक वस्तूचं एक स्पेअर ठेवायचं. आपली कॅसेट पाठवण्याआधी ते दोन डेकच्या टेपवर तिची कॉपी करून ठेवायचे. त्यामुळे डब्यात मुलीचा आवाज होता आणि या दोघांचाही. कुडाळला पाठवलेल्या मूळ कॅसेटींवर मात्र मामाने पुढे भजनं भरून टाकली होती.

"तिच्याकडे आमचं काहीच नाही बघ," ताई म्हणाल्या. "तिच्या बाबांचा आवाजसुद्धा नाही."

कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घालायची म्हणजे ती पूर्ण वाजवावी लागते. टेपरेकॉर्डरमधून वायर कॉम्प्युटरला जोडायची आणि ऐकत बसायचं. त्या हिवाळ्यात दर शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी तेच करत होतो. मी म्हटलं होतं, मी दुसरं काम करते, तुम्ही ऐका. पण बसायचं एकाच खोलीत, आणि कान बंद करता येत नाहीत.

सुरुवातीच्या कॅसेटींत ती पोर नुसती बडबड करत होती. "आई, मांजरीक पिल्लां झाली. मामी म्हणता सोडून येवया. तू मामीक सांग." मागून मामीचं हसणं. मग बाबांचं उत्तर दुसऱ्या कॅसेटवर, अगदी गंभीर आवाजात: मामीला आमचा निरोप सांग, पिल्लं ठेवायची आहेत, कुवेतहून हुकूम आलाय. ताई हसल्या. मग पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाल्या, "चालू ठेव."

पुढच्या कॅसेटींत पाढे, शाळेतली कविता, सहामाहीचे मार्क. "तू कधी येतलंस?" हे जवळजवळ प्रत्येकीत. शेवटच्या एक-दोन कॅसेटींत मात्र मामाच बोलत होता. "बोल गो, आईशी बोल," असं तो सांगतो आणि मग नुसती टेपची खरखर. पोर समोर बसली होती हे कळत होतं, तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. पण ती बोलली नाही. त्या दिवशी ताईंनी चहा घेतला नाही, तशाच वर गेल्या.

सगळं चढवून झाल्यावर मी ताईंच्या मुलीला मेल केला. मी कोण, हे काय आहे, पत्ता काय, पासवर्ड काय. उत्तर आलं एका ओळीचं, इंग्रजीत: थँक यू, बघते.

बरेच दिवस झाले. ताई काही विचारत नव्हत्या, पण जिन्यात भेटल्या की रेंगाळायच्या. एकदा मीच म्हटलं, "ताई, सर्वर माझा आहे. कोण आलं, काय उघडलं, सगळं त्यात लिहिलं जातं. मी बघून सांगू का, तिने ऐकलं की नाही?"

ताईंनी माझा हात धरला. "बघू नको गो. तिना ऐकल्यान काय नाय, ता तिचा तिका ठाव." आणि मग नेहमीच्या मराठीत, शांतपणे म्हणाल्या, "मी तिला दिलं. आता ते तिचं. तिच्या खोलीच्या दाराला कान लावायचा नाही."

मला जरा ओशाळं वाटलं. मी तोवर सर्वरकडे केवळ यंत्र म्हणून बघत होते. इतक्या लोकांनी आपलं माणूस माझ्या कपाटाशेजारी आणून ठेवलंय, आणि मला आतलं सगळं दिसू शकतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. मी सर्वरचं त्या नोंदी लिहिणंच बंद करून टाकलं.

ताई त्या वर्षी सुट्टीवर जाताना कॅसेटींचा डबा कुडाळला घेऊन गेल्या आणि भावाच्या माळ्यावर ठेवून आल्या. इथे जागा नव्हती, आणि "आता कॉम्प्युटरात असाच," असं म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन मी सुट्टीवर साताऱ्याला गेले. सर्वर चालूच ठेवला. वेल्डरच्या घराचं छप्पर चढायचं होतं, त्याला ते बघायचं होतं. नवरा काही दिवस साइटवरच राहणार होता. नेमका तेव्हाच बिल्डिंगचा एसी प्लँट बंद पडला. कुवेतमधला ऑगस्ट ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. बंद फ्लॅट, पडदे ओढलेले, आणि आत एक यंत्र स्वतःच्याही उष्णतेने तापत बसलेलं. हारिसने, म्हणजे बिल्डिंगच्या रखवालदाराने, सगळ्यांना फोन केले, आमचं कुणी नव्हतंच. आम्ही परतलो तेव्हा एसी सुरू होऊन बरेच दिवस झाले होते, पण सर्वर गप्प होता. चालू केला तर एका डिस्कमधून टक्-टक् आवाज आला, दुसरीतून काहीच नाही. मी तमिळ इंजिनिअरला बोलावलं. त्याने दोन्ही काढून नेल्या, दोन दिवसांनी परत आणल्या. आतलं काहीच निघालं नव्हतं. दोन डिस्क ठेवल्या खऱ्या, पण एकाच पेटीत, एकाच भट्टीत ठेवल्या होत्या.

वेल्डरचे फोटो त्याच्या भावाकडे होते. बाकीच्यांचंही कुठे ना कुठे होतं. माझ्या मुलांचे बरेचसे मी सीडीवर काढले होते. ताईंकडे जाताना मी मनाची समजूत घालत होते, की कॅसेट कुडाळला आहेत, पुन्हा एकदा बसू, पुन्हा ऐकू.

ताईंनी लगेच भावाला फोन लावला. त्याने माळ्यावर जाऊन डबा उघडला आणि परत फोन केला. मी समोर बसले होते. ताई "बरां" म्हणाल्या, "ऱ्हवां दे" म्हणाल्या आणि फोन ठेवला. कोकणातला एक पावसाळा त्या डब्याने काढला होता. आत पांढरी बुरशी, टेपा एकमेकींना चिकटलेल्या. भावाने एक वाजवून बघितली तर ती मशीनमध्ये गुंडाळली गेली आणि तुटली.

रडू मलाच आलं. ताईच मला म्हणाल्या, "रडतंस कित्याक? मशीन ता. बंद पडतलाच." त्यांनी मला पाणी दिलं. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "त्यांचा आवाज मला आठवतो. पण तिला कसा आठवेल?"

मुलीला कळवणं भाग होतं. ताई म्हणाल्या, मी नाही सांगू शकत. म्हणून मी मेल लिहिला. झालं ते सगळं सरळ लिहिलं, माफी मागितली. मराठीतच लिहिलं, रोमन अक्षरांत, कारण इंग्रजीत मला ते लिहवेना.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दुपारी तिचं उत्तर उघडलं. यावेळी ते एका ओळीचं नव्हतं. तिनेही मराठीत लिहिलं होतं.

"मावशी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडे सगळं आहे. तुमचा पहिला मेल आला त्याच महिन्यात मी सगळं उतरवून घेतलं होतं. तुमची लाइन फार स्लो होती म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो थोडं थोडं आणायचा आणि तुटलं की तिथूनच पुढे सुरू करायचा. नंतरही तो दर रविवारी येऊन आईने काही नवीन ठेवलंय का बघायचा. सर्वर बंद दिसला तेव्हा मी तुम्हाला विचारणारच होते. डीव्हीडी करून पाठवते. आईला सांगाल?"

अंगावरचा पांढरा कोट तसाच ठेवून मी ताईंच्या वॉर्डात गेले. त्या ड्रिप बदलत होत्या. मी बाजूला घेऊन सांगितलं.

"सगळा?" त्या म्हणाल्या. "तिना सगळा ऐकल्यान?"

"ऐकलं का ते नाही लिहिलंय. पण दर रविवारी बघत होती, तुम्ही नवीन काही ठेवलंय का."

ताई शेजारच्या रिकाम्या कॉटवर बसल्या. वॉर्डात सिस्टरने पेशंटच्या कॉटवर बसायचं नसतं, आणि मी त्यांना कधी तसं करताना पाहिलं नव्हतं. "दर रविवारी," त्या म्हणाल्या. "आणि मी काही ठेवलं नाही गं. मला काय माहीत!"

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याच घरून फोन लावला. मी आत जायला निघाले तर मला बसवून घेतलं. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. ताई फक्त ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हो, मांजरीचं मी मामीला खरंच कळवलं होतं." मग, "विचार. विचार ना. मी फोन ठेवणार नाही."

तिला कुडाळला का ठेवलं, हेच मुलीने विचारलंय, ते ताईंच्या उत्तरावरून मला कळलं. मलाही ते ठाऊक नव्हतं, आणि मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं होतं.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा मुलगी त्यांच्याजवळच होती, तीन वर्षांची. फिंतासला राहत होते. बाकीच्या भारतीयांसारखे हेही बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या हद्दीपर्यंत गेले. तिथे तंबूत विमानाची वाट बघत दिवस काढले. पोरीला जुलाब सुरू झाले, ताप चढला. ताई स्वतः नर्स, पण हातात ना सलाइन, ना औषध. साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजत बसल्या. एका दुपारी पोरीने डोळे फिरवले. दुसऱ्या तंबूतल्या एका इजिप्शियन डॉक्टरने कुठून तरी सलाइन मिळवलं, म्हणून ती वाचली.

"तेव्हा ठरवलं," ताई फोनमध्ये सांगत होत्या, "मी मेले तरी चालेल, पण तुला पुन्हा त्या वाळवंटात नेणार नाही. हॉस्पिटलने परत बोलावलं. घरी दुसरं काही नव्हतं, जावं लागलं. इकामा, तिथे राहायचा परवाना, मिळत होता तुझा, लोक म्हणतात मिळत नव्हता, ते खोटं. मीच नाही म्हटलं. तुझे बाबा भांडले माझ्याशी. मी ऐकलं नाही." आणि मग अगदी हळू, "चूक झाली असेल. पण मला तुझे ते फिरलेले डोळे दिसत होते."

पलीकडे काय झालं माहीत नाही. ताई म्हणाल्या, "रडू नको. नाक पूस आधी." आणि मी उठून आत गेलेच.

यानंतर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पुढच्या सुट्टीत ताई कुडाळऐवजी पुण्याला गेल्या, आणि मायलेकींचं तिथे चांगलं वाजलं. मुलीने नोकरी धरली होती, मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला होता. ताईंना तिचं रात्री उशिरा येणं खपेना, तिला ताईंचं सगळी कपाटं लावत सुटणं खपेना. "इतक्या वर्षांनी आईगिरी कशाला?" असं ती एकदा बोलली. ताई परत आल्यावर मला ते सांगताना रागावलेल्याच होत्या. पण तो राग मला बरा वाटला. नुसत्या "हो, बरी आहे, जेवले" मध्ये भांडायलासुद्धा जागा नव्हती.

माझ्या नव्या सर्वरची मांडणी तिनेच पुण्याहून करून दिली. तिच्याकडे एक यंत्र, माझ्याकडे एक, आणि दोन्हींत जे जे असेल ते एकमेकांकडे जात राहायचं. मला म्हणाली, "मावशी, दोन कॉपी एका घरात ठेवल्या तर ती एकच कॉपी असते." मी म्हटलं, हे आता मला कळलंय बाई. ताईंच्या कप्प्यात मग नवीन काही काही येऊ लागलं. कधी त्या माझ्या माइकसमोर बसून अर्धा तास बोलत, बहुतेक वेळा हॉस्पिटलातल्या कटकटी. ती कधी ऑफिसच्या गच्चीवरून वाऱ्याच्या आवाजात काहीतरी सांगायची. आता कान बंद करण्यासाठी मी खोलीबाहेर जात असे.

ताईंनी नोकरी सोडली त्या हिवाळ्यात मुलगी व्हिजिट व्हिसावर त्यांना न्यायला आली. मी तिला पहिल्यांदाच समोर बघितलं. आईसारखीच बारीक, भरभर चालणारी, चष्मा. तिला ते जुनं घर बघायचं होतं, जिथून ती तीन वर्षांची असताना निघाली होती. नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही फिंतासला गेलो. ताईंनी रस्ता बरोबर सांगितला, मशिदीवरून डावीकडे, बकाल्याच्या, म्हणजे वाण्याच्या दुकानाच्या, पुढे. पण तिथे ती बिल्डिंग नव्हती. काचांचा एक उंच टॉवर उभा होता, त्यात समुद्र दिसत होता.

आम्ही गाडीतून उतरलो. वारा सुटला होता. तिने वर बघत विचारलं, "आपण कितव्या मजल्यावर होतो?"

"दुसऱ्या," ताई म्हणाल्या. "समुद्राच्या बाजूला. तुझा पाळणा दाराशी होता, तिथून वारा यायचा."

"दाखव ना, कुठे."

ताईंनी हात वर केला आणि त्या काचांवर एका ठिकाणी बोट धरलं. जरा विचार करून ते थोडं खाली आणलं. "इथे," त्या म्हणाल्या. मुलगी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवली, आणि त्यांच्या बोटाच्या रेषेत बघू लागली.